सांडलेला तीळ

नेलपॉलिशचं झाकण फरशीवर पडलं आणि टकटक करत पलंगाखाली गेलं.

सुट्टीची दुपार, घर निजलेलं. तेवढ्याशा आवाजानेही तिला जाग आली. पायाशी तिची सहा वर्षांची लेक, चिमणी, बसली होती. एका हातात गुलाबी बाटली, दुसऱ्या हातात ओला ब्रश, चेहरा चोर पकडला गेल्यासारखा.

"झोप ना तू," चिमणी कुजबुजली. "झोपलेल्या पायालाच नीट लागतं."

ते खरंच होतं. आईची नखं रंगवायची ती आई झोपल्यावर, हा दोघींचा जुना रिवाज. जागी असली की गुदगुल्या होऊन ती पाय ओढायची आणि नखांपेक्षा बोटंच जास्त रंगायची. अशाच एका दुपारी चिमणीने रंगवणं अर्ध्यावर टाकून तिला हलवून उठवलं होतं. "आई, तुझा तीळ सांडलाय."

टाचेजवळचा तो तीळ घरात सगळ्यांच्या ओळखीचा. तळपायाला तीळ म्हणजे पायाला भिंगरी, असं सासूबाईंचं ठरलेलं वाक्य. ती चपलांच्या दुकानात कामाला लागली तेव्हाही त्या म्हणाल्या होत्या, बघा, हिचा पाय घरात ठरायचा नाही. पुढे तीळ जरा मोठा दिसायला लागला, तर नवरा म्हणाला, आता बहुतेक विमानानेच जाणार. सगळे हसले, तीही हसली. दिवसभर लोकांचे पाय मांडीवर घेऊन मापं घ्यायची, पण स्वतःचा तळवा उलटून बघायला तिला कधी सवड झाली नव्हती.

सांडलाय म्हटल्यावर तिने पाहिलं. एका बाजूने गोल, दुसरीकडून ओघळ आलेला. मधे काळा, कडेला तपकिरी. शाईचा थेंब टीपकागदावर फुटावा तसा.

त्वचेच्या डॉक्टरीणबाई भिंगातून बराच वेळ बघत राहिल्या होत्या. तुकडा तपासायला गेला आणि मेलानोमा निघाला, त्वचेचा कॅन्सर. पण अजून वरच्यावर आहे, खोल गेलेला नाही, वेळेत आलात, असं त्या म्हणाल्या, आणि आधी कुणी पाहिलं ते विचारलं. चिमणीने हात वर केला, वर्गात करतात तसा.

आता तीळ नव्हता. त्या जागी एक फिकट खळगा, मांडीच्या कातडीने बुजवलेला. भिंगरीचं वाक्य सासूबाईंच्या तोंडून पुन्हा आलं नव्हतं. त्यांनी जुन्या दुलईचा तुकडा कापून तिच्या सपातेत शिवला होता, टाचेखाली दुहेरी. आमच्या दुकानात असला माल नाही, असं ती म्हणाली तेव्हा सासूबाईंनी नुसतं नाक ओढलं. पण त्या सपातेवर ती रोज पहिलं पाऊल टाकायची आणि दर वेळी तिच्या मनात यायचं, किती जणांनी मिळून आपल्याला उभं केलंय.

"बरं, लाव रंग," ती म्हणाली. "कालच डॉक्टरांनी नखंसुद्धा बघितलीत. पुढच्या तपासणीच्या आधी पुसून टाकू."

चिमणीने ब्रश बाटलीत खोचून ठेवला आणि फ्रॉकच्या खिशातून बाबांचा छोटा टॉर्च काढला. "आधी बघते."

तिने एकेक बोट फाकवून उजेड टाकला. मग दुसरा पाय. मग घोटा. सवयीचा हात होता. गेले काही दिवस सकाळी पायांवरचं पांघरूण सरकायचं, गार वाटायचं. आईला वाटायचं, पंख्याचा वारा.

"रोज बघतेस?"

"शाळेत जायच्या आधी. आजी सगळ्यांना सांगते ना, मी होते म्हणून आई वाचली."

सासूबाई सांगत होत्या खऱ्या. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला, डोळे पुसत. तीही सांगत होती, आणि सांगताना ऊर भरून यायचा. पण ते ऐकून या एवढ्याशा पोरीने पहारा अंगावर घेतला असेल, हे दोघींपैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

तिने चिमणीला जवळ ओढलं. केसांना खोबरेल तेलाचा वास होता. "ऐक, राणी. तू बघितलंस म्हणून आई बरी झाली, हे अगदी खरं. पण आता बघायचं काम मोठ्यांचं. माझं, बाबांचं, आजीचं. तू फक्त रंगवायचंस."

सासूबाई आवाजाने उठून दारात आल्या होत्या. पलंगाखालचं झाकण त्यांना तिथूनच दिसलं. गुडघ्यावर हात टेकत त्या खाली वाकल्या.

चिमणीने टॉर्च बंद केला. सुटल्यासारखा मोठा श्वास सोडला, ब्रश काढला, आणि अंगठ्याच्या नखावर पहिला गुलाबी पट्टा अगदी सरळ ओढला. मग मान वर न करता विचारलं,

"मग आधी कुणाचं काम होतं?"