शमसुन्निसाचा फिरोजा

“काढ तो नगीना, जलालभाई. इचार कायचा करून राह्यला?” जोहराबीनं अंगठी पुढं सरकवली आणि मागं वळून रस्ता पाहिला. दिग्रसच्या बाजारात कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागली होती. यवतमाळची एस.टी. त्या गर्दीतून कधीही येईल, या धास्तीनं तिचा पाय एका जागी ठरत नव्हता.

दागिन्यांत खडे बसवणं हा जलालचा धंदा. त्यानं अंगठी उन्हात धरली. मंगनीच्या दिवशी आकाशी असलेला फिरोजा आता पार हिरवा पडला होता.

“पोरगी काम लय करते काय?”

“सारं घर तीच ओढते. कणीक, धुणं, दादीच्या गुडघ्याले तेल. मले चुलीजवळ येऊ देत नाही. काहून?”

“फिरोजा कच्चा दगड हाय, भाभी. माणकासारखा टणक नाही. तेल, घाम, साबण, सगळं पिऊन घेते आन् रंग बदलते. यात भ्याचं काही नाही.”

“हे समधनीले कोण समजावन?” जोहराबीचा आवाज चढला.

फिरोजाचा रंग बदलला की घालणारीवर संकट येतं, असं तिच्या माहेरी सगळेच धरून चालत. आणि ही अंगठी होणाऱ्या विहिणीनं, सुग्राबीनं, स्वतः पोरीच्या बोटात घातलेली. आज ती यवतमाळहून निकाहची तारीख धरायला येत होती. शमसुन्निसाचं एक जमलेलं लग्न असल्याच कुठल्याशा अपशकुनाच्या नावाखाली मोडलं होतं. त्यानंतर पोरगी कितीतरी दिवस कोणाशी धड बोललीसुद्धा नाही. सुग्राबीचा गफ्फार मात्र तिला मनापासून आवडला होता. पोरीचं ते उतरलेलं तोंड पुन्हा बघायची जोहराबीची ताकद नव्हती.

“काढताना फुटन,” जलाल म्हणाला.

“फुटू दे.”

फुटलाच. जलालनं फुंकर मारून तुकडे उडवले आणि पेटीत दुसरा फिरोजा शोधायला लागला.

“फिरोजा नको,” जोहराबी घाईनं म्हणाली. “रंग बदलणारच नाही असं काही बसव.”

“मंग काच बसवतो. ते जलमभर अशीच निळी राहीन.”

तिच्या जिवात जीव आला. अंगठी मुठीत घेऊन ती जवळजवळ पळतच घरी गेली.

शमसुन्निसा परातीत कणीक मळत होती. निळा खडा पाहून ती गोंधळली.

“अम्मी, सुग्राखाला इचारतीन तर?”

“तू बोलू नको. मी हाय ना. हात धू पहिले.”

सुग्राबी आली ती पिशवीत मिठाई घेऊन. बसली, पाणी प्यायली, प्रवासाच्या धुळीला नावं ठेवून झाली. मग तिनं शमसुन्निसाला जवळ बोलावलं, तिचा हात हातात घेतला आणि अंगठी दाराच्या उजेडाकडे वळवली. खड्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

जोहराबी पुढं सरकली. काच ओळखली की काय बाईनं?

“कामाच्या वक्ताले अंगठी उतरवून ठेवत होती काय बेटा?”

शमसुन्निसानं आईकडं पाहिलं.

“एक दिवस उतरवली नाही, समधन!” जोहराबी मध्येच बोलली. “तुमची अमानत. झोपतानीबी बोटात.”

सुग्राबीनं हात हळूच सोडला. तिला काच ओळखू आली नव्हती, हे जोहराबीला तिच्या चेहऱ्यावरून कळलं आणि ती मनातल्या मनात अल्लाचे आभार मानू लागली. सुग्राबी मात्र मिठाईची पिशवी पुन्हा स्वतःकडं ओढत होती.

“मोठ्या सुनेच्या वक्ती मी रिवाज पाळला नाही, ते भोगून राह्यली,” ती म्हणाली. “पाण्याचा गिलास उचलत नाही ते पोरगी. म्हणून या वक्ती माह्या सासूची रीत धरली. मंगनीले फिरोजा घालाचा, अन् काहून घातला ते कोणाले सांगाचं नाही. सांगतलं तर पोरी त्याले तेलात बुडवून ठेवतीन.”

ती उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला.

“राबणाऱ्या हातात तो हिरवा होते, समधन. तुमच्या पोरीचा तर मी घातला त्याच्यापेक्षा निळा हाय.”