खोलीची शांतता

“एक वाक्य दे, दादा. एकच,” रुपाली म्हणाली. “मला रागावतानाचं असलं तरी चालेल.”

सुदर्शन सकाळपासून कॉम्प्युटरसमोर बसून होता. तो आईचा आवाज शोधत होता. बहीण अमेरिकेहून कालच उतरली होती, आईची तेरवी उरकल्यावर. तिचे व्हिसाचे कागद अडकले होते. शेवटचं तोंड बघणं तिच्या नशिबी आलं नाही. भिंतीवर हार घातलेला फोटो होता. त्याच्याकडे तिने एकदाच पाहिलं. तिला आवाज हवा होता.

आणि सुदर्शनचा धंदाच आवाजाचा. बँकेच्या फोनवर ‘मराठीसाठी एक दाबा’ म्हणणारी बाई, हिंजवडीच्या कंपन्यांचे शिकवणीचे धडे, नव्या टाउनशिपच्या जाहिराती, एखाद्या हौशी गायकाचा अल्बम. नोकरी नव्हती, येईल ते काम घ्यायचं. वारज्याच्या फ्लॅटमधली आतली खोली हाच स्टुडिओ. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, खिडकी कायमची बंद. वडील गेल्यावर दुर्गाबाई वाशीमहून लेकाकडे आल्या, त्या याच खोलीत. दुसरी खोली होती कुठे? माइकच्या पलीकडे त्यांची खाट टाकली.

“तुझ्याकडे काहीच नाही?” सुदर्शनने विचारलं. “तिकडे तुझ्या फोनला ते निरोप रेकॉर्ड करणारं मशीन होतं ना?”

“मशीन लागलं की ती फोन ठेवून द्यायची. म्हणायची, मशीनशी काय बोलू? ते काय मला जेवली का विचारणार हाय?”

रुपाली हसली आणि मग तिला हसू आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही.

दीपमाला चहा घेऊन दारात उभी होती. “सगळ्या पुण्याचा आवाज आहे या घरात,” ती नवऱ्याला म्हणाली. “आईंचा तेवढा नाही.”

सुदर्शन फाईलमागून फाईल उघडत होता. आई जिथे जिथे आली होती, तिथे तिथे त्याने तिला कापलं होतं. बँकेच्या बाईच्या मागे आलेली खोकल्याची ढास कापली होती. बांगड्या कापल्या होत्या. एकदा ऐन गाण्यात तिने “बाबू, दूध उतू चाललं रे” म्हणून हाक मारली होती. तेव्हा गायकही हसला होता. तेही संध्याकाळपर्यंत साफ झालं होतं आणि डिस्कवर जागा हवी म्हणून मूळ रेकॉर्डिंग पुसलं गेलं होतं. सुदर्शनचं काम स्वच्छ असतं, असं लोक म्हणायचे. त्यावरच त्याला कामं मिळायची.

शेवटी एक फोल्डर उरला. त्याचं नाव ‘खोली’.

“यात काय आहे?” रुपालीने विचारलं.

“काही नाही. शांतता आहे.”

“म्हणजे?”

त्याने समजावलं. प्रत्येक खोलीला स्वतःची शांतता असते. बोलणाऱ्याचा एखादा शब्द कापला की मधे भोक पडल्यासारखं वाटतं. ते त्याच खोलीच्या शांततेने बुजवावं लागतं. म्हणून कामाआधी पंखा बंद, फ्रीज बंद, आणि मिनिटभर नुसती रिकामी खोली रेकॉर्ड करायची.

“मग आई कुठे जायची तेव्हा?”

“कुठे जाणार? गुडघे धरलेले. इथेच बसायची, खाटेवर. मी म्हणायचो, आई, आता मिनिटभर बोलू नको. मग ती बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवायची आणि पदर तोंडाला लावून बसायची.” तो थांबला. “कधी चुकली नाही. मिनिट झालं की मी बंद करायचो आणि पुढच्या कामाला लागायचो.”

“म्हणजे या सगळ्यात ती आहे.”

“आहे. पण बोलत नाही.”

“लाव.”

फोल्डरमध्ये फाईल एकच उरली होती, बाकीच्या जागेसाठी पुसल्या गेल्या होत्या. कामाला त्यातला सुरुवातीचा तुकडा पुरायचा, पुढचं कधी कोणी ऐकलं नव्हतं. सुदर्शनने उठून पंखा बंद केला. दीपमालाने न सांगता जाऊन फ्रीज बंद केला. रुपाली खाटेवर बसली. त्याने आवाज पूर्ण वाढवला.

आधी नुसती सळसळ आली, कोऱ्या कापडावरून हात फिरवावा तशी. मग त्या सळसळीच्या आत एक श्वास ऐकू यायला लागला. लांब, जरा घरघरता. रुपालीने सुदर्शनकडे पाहिलं. त्याने मान हलवली. एक बांगडी दुसरीवर टेकली आणि कोणीतरी ती चटकन धरल्यासारखी गप्प झाली. तिघंही हलली नाहीत. असं वाटत होतं की आपण हललो तर तिचं मिनिट बिघडेल.

पडद्यावर आवाजाची रेघ सपाट पुढे सरकत होती. अगदी शेवटी, टोकाला, एक बारीकसा उंचवटा दिसत होता. खाट करकरली असेल, सुदर्शनला वाटलं.

रेघ तिथवर आली.

“झालं काय रे बाबू?” दुर्गाबाईंनी हळूच विचारलं. “बोलू काय आता?”

फाईल तिथे संपत होती.

“बोल ना,” रुपाली स्पीकरला म्हणाली.