शाईतला अंगठा

चौऱ्याऐंशीत भंडाऱ्याच्या कॉलेजात माझ्या पीएचडीच्या सरांचा सत्कार होता. भिंतीवर आलेख टांगला होता: न्यूट्रॉन कमी असलेल्या जड अणूंतून सुटणाऱ्या अल्फा कणांचा. त्यातलं उंच टोक म्हणजे नवं समस्थानिक. तीन वर्षं कण मोजून ते मी शोधलं, आलेखही मीच काढला. खाली चिकटवलेलं नाव एकट्या सरांचं! "तुयं नाव कुठी हाय?" कारध्याहून आलेल्या बाबांनी विचारलं. ते मासेमार, सहीऐवजी अंगठा लावणारे. मी उठले. "सर, काम माझं आहे!" सर माइकवर हसले. "हिनं यातली एक रेघही ओढलेली नाही." मी आलेखावरचा अंगठ्याचा शाईचा ठसा दाखवला. तो उमटला तेव्हा त्यांनीच 'अंगठेबहाद्दराची पोर' म्हणून हिणवलेलं. मी माझा अंगठा त्याच्याशेजारी धरला. लहानपणी बाबांच्या जाळ्याच्या दोऱ्यानं कापल्याची खूण दोन्हींवर होती. बाबा कडाडले, "पोरीनं सही केली हाय, सायेब! तुमची कुठी हाय?"