उत्तरासाठी मोकळी जागा

"व्हॉट डिड यू ईट टुडे?" बाईंनी मोबाइलकडे बघून विचारलं आणि त्या ओठ मिटून थांबल्या. प्रश्नानंतर थोडी जागा मोकळी सोडायची, म्हणजे धडा बघणारा तिथं मोठ्याने उत्तर देतो, अशी रेकॉर्डिंगची रीत होती. पण जागा मोकळी राहील तर शपथ. आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "आय ईट पोटॅटो. येस्टरडे ऑल्सो पोटॅटो."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दर धड्याला हाच ताप. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून सासूबाईंना इंग्रजीचा नाद लागला होता. बाई कंटाळून कंटाळून शेवटी तसेच बिघडलेले धडे पाठवून देत.

बाईंचा इंग्रजी बोलायला शिकवणारा वर्ग कामधंदा करणाऱ्या मोठ्या माणसांचा होता. धडे घरी मोबाइलवर बघायचे आणि आठवड्यातून एकदा जमून फक्त इंग्रजीत बोलायचं. जवळचे खुर्चीवर, लांबचे भिंतीवरच्या पडद्यावर. योजना कागदावर झकास होती, पण पहिले कित्येक तास सगळे मूग गिळून बसले. खुर्चीवरचे बुटांकडे बघत, पडद्यावरचे माइक बंद करून. आता कुठे चार शब्द फुटायला लागले होते, तर संस्थेच्या संचालकांनी कळवलं, की सत्राच्या शेवटच्या तासाला ते स्वतः येऊन बसणार. माणसं बोलली नाहीत तर वर्ग बंद, बाईंची नोकरी बंद. पुढच्या सत्रापासून विकतचं ॲप शिकवेल.

म्हणून बाईंना उरलेले धडे तरी स्वच्छ हवे होते. आणि आत बटाटे चालले होते.

"आई, हे प्रश्न तुम्हाला नाहीयेत," त्या तिथूनच ओरडल्या. "जरा गप्प बसाल का?"

दार लोटल्याचा आवाज तेवढा आला. त्यानंतर रेकॉर्डिंग सुरू झालं की ते दार बंद असायचं. धडे आरशासारखे लख्ख झाले. मनाला थोडं टोचलं, पण बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही.

शेवटच्या तासाला संचालक मागच्या खुर्चीत बसले. बाईंनी एक प्रश्न विचारला. दुसरा विचारला. तिसरा तर अगदी घास भरवल्यासारखा सोपा करून विचारला. सगळे चिडीचूप. गेल्या महिन्यात बोलणारेही खाली बघत होते. एवढे स्वच्छ धडे करून दिले, आता आणखी काय डोकं फोडून घ्यायचं? संचालकांनी पेनाला टोपण लावलं.

तेवढ्यात पडद्यावर बेकरीवाल्या ताईंचा माइक सुरू झाला. "टीचर, ओल्ड मदर नो टॉकिंग नाऊ. शी इज सिक?"

बाईंना काही उमगेना. मग खुर्चीवरचा टॅक्सीवाला उठला. त्याने अडखळत सांगितलं, की ती म्हातारी चुकायची, तरी बेधडक बोलायची. तिचं ऐकून तोही घरी मोठ्याने उत्तरं द्यायचा. आता धड्यात शुकशुकाट असतो, एकट्याला लाज वाटते. एक परिचारिका म्हणाली, तिचा नवरासुद्धा त्या बटाट्यांची चौकशी करतो. बघता बघता खुर्च्या आणि पडदा एकमेकांचं बोलणं तोडू लागले. मोडकंतोडकं का होईना, सगळं इंग्रजीत. संचालकांनी हसून सांगितलं, की वर्ग चालू राहील.

बाई घरी आल्या त्या थेट बंद दाराकडे गेल्या. सासूबाई चादरीची घडी घालत होत्या. बाईंनी वर्गातली सगळी हकिकत सांगितली. ओरडल्याबद्दल माफी मागितली. आजपासून दार उघडं ठेवा, हवी तेवढी उत्तरं द्या, असंही विनवलं.

सासूबाईंनी घडी पुरी केली.

"तू फोनला विचारतेस, हे मला कळत नव्हतं होय?" त्या म्हणाल्या. "पण आज काय खाल्लं, काल काय केलं, असं या घरात मला दुसरं कोण विचारतं?"