मोकळी सोडलेली झील

"पंखा बंद करा," उत्तरेश्वर म्हणाला आणि त्यानं दार आतून लावून घेतलं. दार लागायच्या आत पळून जावं, असं चतुराबाईला वाटलं होतं. पण दाराशीच बंकट खुर्ची टाकून बसला होता.

उत्तरेश्वरचा स्टुडिओ म्हणजे बीडमधल्या एका दुकानामागची खोली. भिंतींना गोधड्या ठोकलेल्या, मधोमध माइक, कोपऱ्यात टेपचं मशीन. गाणारे, वाजवणारे, ऐकणारे सगळे एकाच खोलीत. कुणी खोकलं तरी ते कॅसेटवर येणार आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून. चतुराबाईची ही दुसरी कॅसेट. ओव्या तिच्या, चालीही तिच्याच. दीर धुळाजी ढोल वाजवायचा आणि झील धरायचा. म्हणजे चतुराबाईनं ओळ अर्ध्यावर सोडायची आणि धुळाजीनं ती पुरी करायची. ओळ उघडी टाकायची नाही, असा त्यांच्या धनगरवाड्यातला रिवाज होता.

बाकीची गाणी सकाळीच उरकली होती. उरली होती ती छावणीची ओवी, आणि सगळा घोळ तिचाच होता.

दुष्काळात सहकारी साखर कारखान्यानं जनावरांची छावणी उघडली होती. छावणीच्या नावानं आलेला चारा भलतीकडंच जायचा आणि जनावरांपुढं वाळकी चिपाडं पडायची. चतुराबाईनं त्यावर ओवी रचली. "छावणीची वैरण कुणी नेली गं?" असं ती विचारायची आणि धुळाजी कारखान्याच्या चेअरमनचं नाव घ्यायचा, "आप्पारावानं, आप्पारावानं!" उन्हाळाभर जत्रांमध्ये हे चाललं. पुढं पुढं माणसंही धुळाजीबरोबर ओरडायला लागली. पण जत्रेतलं गाणं वाऱ्यावर जातं, कॅसेट घरोघर वाजते. म्हणून चेअरमनसाहेबांनी आज आपला माणूस, बंकट, पाठवला होता.

बंकटनं काही दमदाटी केली नव्हती. उलट सगळ्यांना चहा पाजला होता. चतुराबाईला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

"मावशी, माझा बाप बी झील धरायचा," तो गोड आवाजात म्हणाला. "त्याच्या मागं उभा राहून मी बी शिकलो. मला ओव्या लई आवडतात. तुमी खुशाल गा. फकस्त साहेबांचं नाव तेवढं घेऊ नका. सटवामामा छावणीतच हायती ना? आन् तुमच्या गाई?"

चतुराबाईचा नवरा सटवा त्याच छावणीत गाई घेऊन पडला होता. तिथून हुसकावलं तर जायचं कुठं? आष्टीपासून गेवराईपर्यंत हिरवी काडी दिसत नव्हती. त्यात कपिली गाय गाभण. पोटातल्या वासराचं ओझं घेऊन ती किती चालणार?

चतुराबाई धुळाजीच्या कानाशी लागली. "झील धरू नको. नुस्ता ढोल वाजव."

"वयनी, ओळ उघडी पडंल."

"पडू दे."

टेप फिरायला लागली. चतुराबाईनं हात कानाशी नेला. पहिल्या ओळीला तिचा आवाज कापला, दुसऱ्या ओळीला सावरला. आटलेल्या विहिरी झाल्या, दावणीतल्या रिकाम्या गव्हाणी झाल्या. बंकटनं डोळे मिटले होते आणि त्याचा पाय ताल धरत होता. तो पाय बघत बघतच ती त्या ओळीवर आली.

"छावणीची वैरण कुणी नेली गं?"

ढोल वाजला. धुळाजीनं ओठ घट्ट दाबून धरले. ओळ उघडी पडली.

"आप्पारावानं, आप्पारावानं!"

आवाज खणखणीत होता, सुरात होता आणि दाराकडून आला होता.

ढोल थांबला. बंकटनं डोळे उघडले आणि तोंडावर हात ठेवला. चेहरा राखेसारखा झाला होता.

"ध्यानातच आलं न्हाई वो मावशी. ओळ आली आन् तोंडातून गेलं." तो धडपडत उठला. "ते पुसा. साहेबांनी माझा आवाज ऐकला तर मी मेलो. घरी म्हतारी हाय. आमची म्हस बी त्याच छावणीत मेली. चिपाडं चघळत गेली. तरी आमी तोंडातून शब्द काढला न्हाई."

उत्तरेश्वरनं मशीन थांबवलं आणि चतुराबाईकडं पाहिलं. "बाई, काय करू?"

"ऱ्हाऊ द्या तसंच!" धुळाजी घाईघाईनं बोलला. "वयनी, आपुन कुठं नाव घेतलंय? घेतलं ते साहेबाच्याच माणसानं. गाणं बी पुरं झालं आन् गाई बी वाचल्या."

त्याचं खरंच होतं. इतकी सोयीची सुटका पुन्हा मिळणार नव्हती. चतुराबाईनं बंकटकडं पाहिलं. मघाचा तालावर हलणारा पाय आता नुसता लटलटत होता. सकाळपासून आपण ज्याला भ्यालो, तो आपल्यापेक्षा जास्त भ्यालेला आहे, हे तिला दिसलं आणि तिला त्याची कीव आली. मग स्वतःची लाज वाटली.

"पुसा," ती म्हणाली. "पयल्यापासून घेऊ."

बंकटनं तिला हात जोडले. धुळाजीनं कपाळाला हात लावला आणि ढोल पुढ्यात ओढला. "म्हंजे परत ओळ उघडी?"

चतुराबाईला कपिली आठवली. ती तांब्यातलं पाणी प्यायली आणि पदर खोचून माइकजवळ सरकली.

"बंकटा, तू भाईर जाऊन थांब."

"कावून मावशी?"

"ह्या खेपंला नाव मी घेनार हाय. तू हितं बसलास तर परत झील धरशील."