जमिनीवरचं बाळ

दाईने नाळ कापली आणि रोमच्या रिवाजाप्रमाणे बाळ जमिनीवर ठेवलं. बापाने उचललं तरच ते घरातलं, नाहीतर उकिरड्यावर.

सिनेटर वाकला, निरखून पुन्हा ताठ झाला. "याही खेपेला मुलगीच? टाकून या."

बाळंतीण फाबियाच्या अंगाचा तिळपापड झाला. "अहो, काल सिनेटमध्ये घसा ताणून सांगितलंत ना, सम्राट साऱ्या प्रजेचा बाप आहे म्हणून? मग तुम्ही कुणाचे?"

"हळू बोल. बाहेर लोक अभिनंदनाला आलेत."

"ऐकू देत की!" ती भिंत धरून उठली आणि लेकीला कुशीत घेऊन त्याच गार फरशीवर आडवी झाली. "आता दोघींना उचला, नाहीतर दोघींना टाका."

बाहेरची कुजबुज थांबली. सिनेटरने दाराकडे पाहिलं, आणि वाकून बाळ उचललं.

मग त्याने फाबियापुढे हात केला. तो झिडकारून ती आपली आपण उठली.