बदललेली फाइल

बाबांचा कॉम्प्युटर दुपारी आतेभाऊ नेणार होता. त्याआधी त्यातलं सगळं हार्ड डिस्कवर घेऊन मूळ प्रती पुसायच्या, एवढंच काम उरलं होतं. बाबा गेल्यापासूनच्या धावपळीने मी इतकी दमले होते की खुर्चीत ताठ बसणंही जड जात होतं.

बॅकअप बाबांनीच लावून दिलेला. मागच्या वेळेनंतर जे बदललं असेल तेवढंच तो उचलायचा. शेवटचा मी ते गेल्यावर घेतला होता आणि तेव्हापासून कॉम्प्युटर बंदच होता. उचलण्यासारखं काही नव्हतं.

तरी डिस्कचा निळा दिवा लुकलुकू लागला. एक फाइल बदललेली होती.

माइक चालतो का बघायला बाबांनी केलेलं ते रेकॉर्डिंग. "हॅलो, ऐकू येतंय का?" बस. त्यांचा आवाज म्हणून आमच्याकडे तेवढाच उरला होता.

"मावतंय का गं सगळं त्या डबीत?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं. "आवाज तेवढा सांभाळून घे बाई."

"घेते."

मी एका कानात इअरफोन घालून फाइल उघडली.

"हॅलो, ऐकू येतंय का?" मग खरखर. एरवी ती इथेच संपायची. आज बाबांनी पुन्हा विचारलं. मग पुन्हा, जरा थकून.

आवाज फक्त माझ्या कानात होता. बाहेर काही ऐकू जाण्याचा प्रश्नच नव्हता.

"अहो, येतंय ऐकू," आई आतून कंटाळून म्हणाली. "दिवसभर तेच काय विचारता?"

माझ्या कानात बाबा हसले.